तलाकनंतरची पोटगी: मुस्लिम बायका आणि त्यांच्या माहेरची माणसं नेहमी विचारतात ते प्रश्न

पोटगीच्या कामासाठी माझ्याकडे येणारी बाई सहसा एकटी येत नाही. सोबत अब्बा असतात, नाहीतर मामू, नाहीतर गल्लीतली एखादी खाला. बाई गप्प बसते आणि सगळे प्रश्न सोबतचे विचारतात. सोलापुरात वकिली करताना तेच ते प्रश्न इतक्यांदा ऐकले, की उत्तरं एकदाची लिहून काढायची ठरवली. कलमांचे दोन-तीन आकडे लक्षात ठेवावे लागतील, त्याला इलाज नाही.

आमच्यात तलाकनंतर फक्त इद्दतीपुरताच, म्हणजे तीनेक महिन्यांपुरताच, खर्च मिळतो ना?

नाही. हा समज इतका मुरलेला आहे की कधीकधी समोरचा वकीलही तेवढ्याच भांडवलावर उभा राहतो. घटस्फोटित मुस्लिम बाईला दुसरा निकाह होईपर्यंत दरमहा पोटगी मागता येते, किंवा पुढच्या आयुष्याची तरतूद म्हणून एकरकमी पैसे मागता येतात. १० जुलै २०२४ रोजी सुप्रीम कोर्टाने हे पुन्हा एकदा स्पष्ट केलं. ‘पुन्हा एकदा’ हे मुद्दाम म्हणते, कारण त्या दिवशी टीव्हीवर ‘ऐतिहासिक निकाल’ म्हणून जे चाललं होतं, तो कायदा २००१ पासूनच तसा आहे.

पण शाहबानोचा निकाल सरकारने कायदा करून फिरवला होता ना?

अब्बा मंडळींचा हा हमखास प्रश्न. शाहबानो हे नाव सगळ्यांना माहीत असतं, पुढचं कुणालाच नसतं. म्हणून जरा सविस्तर सांगते.

शाहबानो इंदूरच्या. १९३२ साली लग्न, पाच मुलं, नवरा वकील. त्रेचाळीस वर्षांच्या संसारानंतर १९७५ मध्ये नवऱ्याने घराबाहेर काढलं. एप्रिल १९७८ मध्ये त्यांनी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली दरमहा ५०० रुपये मागितले. ५०० च का, तर कायद्यातली कमाल मर्यादाच तेव्हा तेवढी होती. (ती मर्यादा २००१ मध्ये उठली.) अर्ज कोर्टात असतानाच, नोव्हेंबर १९७८ मध्ये, नवऱ्याने तलाक दिला आणि ३,००० रुपये मेहेर (निकाहाच्या वेळी नवऱ्याने बायकोला कबूल केलेली रक्कम) कोर्टात भरून हात झटकले. दंडाधिकाऱ्यांनी पोटगी मंजूर केली दरमहा २५ रुपये. नवऱ्याची कमाई वर्षाला साठ हजारांच्या घरात असल्याचं बाईंचं म्हणणं होतं. मध्य प्रदेश हायकोर्टाने ती वाढवून १७९ रुपये २० पैसे केली. हे वीस पैसे कुठल्या हिशोबातून आले असतील, असा विचार मी वकिली सुरू केल्यापासून करते आहे.

या १७९ रुपयांविरुद्ध अपील नवऱ्याने केलं होतं, बाईंनी नाही. २३ एप्रिल १९८५ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ते फेटाळलं. सरन्यायाधीश होते आपल्या पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड. निकालाचं सार एवढंच, की कलम १२५ धर्म पाहत नाही. स्वतःचं पोट भरता न येणारी बायको, मग ती घटस्फोटित का असेना, या कलमाखाली येते.

त्यानंतर जो गदारोळ झाला, त्यातून १९८६ चा मुस्लिम महिला (घटस्फोटानंतरच्या हक्कांचे संरक्षण) कायदा आला. त्यात लिहिलं होतं, की नवऱ्याने इद्दतीच्या काळात ‘वाजवी आणि न्याय्य तरतूद’ व निर्वाहखर्च द्यायचा. पुढे बाईची सोय झाली नाही, तर जबाबदारी तिच्या वारसदार नातेवाइकांवर आणि शेवटी वक्फ बोर्डावर. कलम १२५ वापरायचं असेल, तर नवरा-बायको दोघांनी तसं कोर्टाला लिहून द्यायचं. आता कुठला नवरा असं लिहून देईल?

सगळ्यांनी मानलं, हक्क संपला.

मग तो परत कसा आला?

एका शब्दामुळे. कायद्यात तरतूद ‘इद्दतीच्या आत’ करायची असं होतं. ‘इद्दतीपुरती’ करायची असं नव्हतं. मराठीत तर हा फरक लगेच कळतो. घरमालक म्हणाला, ‘दहा तारखेच्या आत भाडं द्या’, तर भाडं पूर्ण महिन्याचं द्यायचं असतं, दहा दिवसांपुरतं नाही. इद्दत म्हणजे साधारण तीन महिने, बाई गरोदर असेल तर बाळंतपणापर्यंत. या मुदतीच्या आत नवऱ्याने पैसे द्यायचे, पण ते बाईच्या पुढच्या सगळ्या आयुष्याला पुरतील असे.

मुंबई हायकोर्टाच्या पूर्णपीठाने २००० सालीच हा अर्थ लावला. २८ सप्टेंबर २००१ रोजी सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने डॅनियल लतिफी प्रकरणात त्यावर शिक्का मारला. लतिफी म्हणजे शाहबानोंचे सुप्रीम कोर्टातले वकील. कायदा घटनाबाह्य ठरवा, अशी त्यांची मागणी होती. कोर्टाने कायदा ठेवला आणि अर्थ मात्र असा लावला की शाहबानोंना जे मिळालं होतं त्यातलं फारसं काही गेलं नाही. हरूनही जिंकलेली केस म्हणतात ती ही.

पुढे २००९ मध्ये शबाना बानो प्रकरणात, इद्दत संपल्यावरही घटस्फोटित मुस्लिम बाई कौटुंबिक न्यायालयात कलम १२५ चा अर्ज करू शकते, हेही सुप्रीम कोर्टाने सांगितलं.

एवढं सगळं होतं, तर २०२४ मध्ये नवीन काय झालं?

तेलंगणातल्या एका नवऱ्याला कौटुंबिक न्यायालयाने दरमहा २०,००० रुपये अंतरिम पोटगी द्यायला लावली. हायकोर्टाने ती १०,००० केली. तरी तो सुप्रीम कोर्टात गेला. मुद्दा जुनाच: १९८६ चा खास कायदा असताना मुस्लिम बाईला कलम १२५ चालणार नाही. न्या. बी. व्ही. नागरत्ना आणि न्या. ऑगस्टिन जॉर्ज मसीह या दोघांनीही स्वतंत्र निकालपत्रं लिहून तो फेटाळला. १९८६ चा कायदा कलम १२५ च्या जोडीला आहे, त्याच्या जागी नाही. बाईने हा वापरावा, तो वापरावा किंवा दोन्ही वापरावेत. मर्जी तिची.

आमच्यासारख्या खालच्या कोर्टात उभं राहणाऱ्यांना याचा फायदा असा, की पूर्वी ‘हा अर्ज इथे चालतच नाही’ या प्राथमिक हरकतीवरच पाच-सहा तारखा जायच्या. आता ते निकालपत्र पुढे ठेवलं की झालं.

कलम १२५ आता राहिलंच नाही म्हणतात. खरं का?

आकडा बदललाय, मजकूर जवळपास तोच आहे. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी नवी नागरिक सुरक्षा संहिता आली, त्यात ते कलम १४४ झालं. वसुलीचं कलम १४७. कोर्टात अजून सगळे ‘एकशे पंचवीसचा अर्ज’च म्हणतात. मीही खाली तेच म्हणणार आहे.

दोन्हीपैकी कोणता अर्ज करू?

दरमहा बांधलेली रक्कम हवी, नवरा नोकरदार आहे, पगार लपवता येत नाही, तर १२५. नवऱ्याकडे पैसा आहे पण तो पळता आहे, किंवा बाईला एकदाच काय ते मोकळं व्हायचंय, तर १९८६ चा कायदा. त्यात मेहेर आणि लग्नात मिळालेले दागिने, भांडीकुंडी, सामान हेही त्याच अर्जात मागता येतं. निकाल एका महिन्यात द्यावा असं त्या कायद्यात लिहिलंय. वाचून घ्या आणि विसरून जा.

मोठा फरक आहे तो दुसऱ्या निकाहाचा. १२५ ची पोटगी दुसरं लग्न झालं की थांबते. एकरकमी तरतुदीचं तसं नाही. कोकणातलं एक प्रकरण सांगते. चिपळूणच्या दंडाधिकाऱ्यांनी बाईला ४ लाख ३२ हजार मंजूर केले, खेडच्या सत्र न्यायालयाने ते ९ लाख केले. दरम्यान बाईचं दुसरं लग्न झालं, तेही मोडलं. पहिला नवरा हायकोर्टात म्हणाला, हिने लग्न केलं, आता मी देणं लागत नाही. जानेवारी २०२४ मध्ये मुंबई हायकोर्टाने सांगितलं, की १९८६ च्या कायद्यात तशी अट कुठेही नाही. तलाक दिला त्या दिवशीच देणं पक्कं झालं, बाईने नंतर काय केलं याचा त्याच्याशी संबंध नाही.

तलाकचं पत्र पोस्टाने आलंय. घेऊ की परत पाठवू?

घ्या. पाकीट फेकू नका, त्यावरचा पोस्टाचा शिक्का आणि तारीख जपून ठेवा.

माझ्याकडे एक मुलगी अशीच पाकीट घेऊन आली होती. आत शंभराच्या स्टॅम्पपेपरवर टाइप केलेला तलाकनामा आणि तळाला दोन साक्षीदारांच्या सह्या. मजकुरात तारीख मार्चची, स्टॅम्पपेपर विकत घेतल्याची तारीख ऑगस्टची. तिने पोटगीचा अर्ज केला होता जूनमध्ये. म्हणजे समन्स हातात पडल्यावर महाशयांना तलाक आठवला आणि तो मागच्या तारखेने लिहिला. स्टॅम्पपेपरची मागची बाजू नेहमी उलटून बघावी.

कायदा असा आहे: एका दमात तीनदा दिलेला तलाक, मग तो तोंडी असो, कागदावर असो की व्हॉट्सॲपवर, रद्दबातल आहे. ऑगस्ट २०१७ च्या शायरा बानो निकालाने तो गेला आणि २०१९ च्या कायद्याने तो तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा झाला. त्या कायद्याखालीही बाईला स्वतःसाठी आणि मुलांसाठी निर्वाहभत्ता मागता येतो. बाकीच्या तलाकांचंही ‘मी दिला’ म्हणून भागत नाही. कारण काय, दोन्हीकडच्या मध्यस्थांनी समेटाचा प्रयत्न केला का, हे नवऱ्याने सिद्ध करायचं. औरंगाबाद खंडपीठात पूर्णपीठाने मे २००२ मध्ये आणि सुप्रीम कोर्टाने शमीम आरा प्रकरणात ऑक्टोबर २००२ मध्ये हे सांगितलंय. कोर्टात दिलेल्या कैफियतीत ‘मी पूर्वीच तलाक दिला आहे’ असं लिहिणं म्हणजे तलाक नव्हे.

पण खरं सांगू? पोटगीच्या अर्जापुरतं या वादात फार गुंतू नका. तलाक झाला नसेल तर तुम्ही बायको म्हणून पोटगी मागाल, झाला असेल तर घटस्फोटित बायको म्हणून. कलम एकच. वर्ष-वर्ष हा कीस पाडत बसण्यात फायदा नवऱ्याचा होतो, कारण तोवर कमाईचा विषयच निघत नाही.

खुला (बायकोने स्वतः मागितलेला तलाक) मी मागितला होता. मला मिळेल?

कलम १२५ मध्ये ‘नवऱ्याने घटस्फोट दिलेली किंवा नवऱ्याकडून घटस्फोट घेतलेली’ असे दोन्ही शब्द आहेत. तेव्हा अर्ज करता येतो. खुलानाम्यात ‘यापुढे पोटगी मागणार नाही’ असं लिहून घेतलं असेल, तर घाबरू नका. पोटगीचा हक्क सोडून देण्याचा करार सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध आहे, असं मुंबई हायकोर्टाने २०१८ मध्ये म्हटलंय. ते प्रकरण हिंदू जोडप्याचं होतं, पण कलम तेच.

मेहेर घेतला होता. आता हक्क गेला का?

नाही. मेहेर हे लग्नामुळे झालेलं देणं आहे, तलाकची किंमत नाही. १९७८ साली मुंबईच्याच बाई ताहिरा प्रकरणात सुप्रीम कोर्टाचे न्या. कृष्ण अय्यर यांनी सांगितलं, की नाममात्र मेहेर देऊन पोटगीतून सुटता येत नाही. ती रक्कम पोटगीची जागा खरोखर घेईल एवढी असली पाहिजे. आपल्याकडे निकाहनाम्यात मेहेर किती लिहिलेला असतो, हे तुम्हीच आठवा.

किती मिळतील? पगाराच्या पंचवीस टक्के नक्की का?

नक्की काहीच नाही. पंचवीस टक्क्यांची गोष्ट २०१७ च्या एका निकालातून पसरली. तो अंदाज आहे, नियम नाही. सासू-सासरे अवलंबून आहेत का, कर्ज कशाचं आहे, नवऱ्याने दुसरा संसार मांडलाय का, सगळं पाहिलं जातं.

आता मदतीला येतो तो सुप्रीम कोर्टाचा नोव्हेंबर २०२० चा रजनेश विरुद्ध नेहा निकाल. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून निघालेलं हे प्रकरण. त्यानंतर दोन्ही बाजूंना उत्पन्न, मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र ठरलेल्या नमुन्यात द्यावंच लागतं. नवरे त्यात काय काय लिहितात! गॅरेज भावाच्या नावावर, गाडी अम्मीच्या नावावर, आपण तिथे रोजंदारीवर. अशा वेळी दुकानाच्या पाटीचा फोटो, जीएसटी क्रमांक असलेली पावती, मुलाच्या शाळेच्या फॉर्मवर त्याने स्वतः लिहिलेला व्यवसाय हे कामी येतं. भांडण करून निघण्याआधी घरातल्या कागदांचे फोटो काढून ठेवलेली बाई अर्धी केस जिंकून आलेली असते.

नवरा म्हणतो, नोकरी गेली. कंपनीविरुद्ध लेबर कोर्टात केस चालू आहे म्हणे.

अर्ज दाखल झाल्यावर दोन महिन्यांत किती जणांच्या नोकऱ्या जातात, याचा कुणीतरी अभ्यास करायला हवा.

राजीनामा दिला असेल, तर कधी दिला ते विचारा. समन्स मिळाल्यानंतरचा राजीनामा कोर्टाला बरोबर कळतो. धडधाकट माणसाने वेळ पडली तर अंगमेहनत करून बायकामुलांना पोसलं पाहिजे, हे सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्येही सांगितलं. निवृत्तीचं कारणही एवढ्यावरून चालत नाही. शमीमा फारुकी प्रकरणात नवरा सैन्यात नायक होता. स्वेच्छानिवृत्ती घेतली म्हणून हायकोर्टाने ४,००० ची पोटगी २,००० केली होती. एप्रिल २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने पुन्हा ४,००० केली. त्या बाईचा अर्ज १९९८ चा होता आणि खालच्या कोर्टाचा निकाल लागला २०१२ मध्ये. चौदा वर्षं, तीही अंतरिम पोटगीशिवाय.

खरोखरच कंपनीने काढलं असेल, तर मात्र रक्कम तात्पुरती कमी होऊ शकते. पण त्या लेबर कोर्टाच्या केसचा नंबर लिहून घ्या आणि तिच्यावर लक्ष ठेवा. बेकायदा काढलेल्या कामगाराला सहसा मागच्या पगारासह परत घ्यावं, असं सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका शिक्षिकेच्या प्रकरणात ठरवलंय. नवरा अशा रीतीने जिंकला, तर त्याच्या हातात एकदम मोठी रक्कम येते. तेव्हा परिस्थिती बदलली म्हणून पोटगी वाढवून मागता येते, थकबाकीही त्यातून मागता येते. तो जिंकावा अशी दुवा करा, असं मी एका अशिलाला सांगितलं होतं. तिला ते अजिबात आवडलं नाही.

मी विड्या वळते. माझी कमाई दाखवली तर पोटगी बुडेल?

लपवू नका. विडी कामगाराचं कार्ड असतं, पासबुकात मजुरी जमा होते, समोरचा ते काढणारच. आणि खोटं पकडलं गेलं की बाकीचं खरंही संशयात येतं. ‘स्वतःचा निर्वाह करू न शकणारी’ म्हणजे भीक मागणारी नव्हे. जगण्यापुरतं चार पैसे मिळवणाऱ्या बाईची पोटगी केवळ त्या कारणाने नाकारता येत नाही, असे सुप्रीम कोर्टाचे एकाहून जास्त निकाल आहेत. पक्की, चांगल्या पगाराची नोकरी असेल तर गोष्ट वेगळी.

मुलांचं काय?

त्यांचा हक्क त्यांचा स्वतःचा आहे. १९८६ च्या कायद्यातली ‘मूल दोन वर्षांचं होईपर्यंतच’ ही अट त्यांना लागू होत नाही, हे नूर सबा खातून प्रकरणात १९९७ सालीच ठरलं. मुलगा सज्ञान होईपर्यंत, मुलीचं लग्न होईपर्यंत. अर्जात मुलांची नावं वेगळी घाला आणि रक्कमही वेगळी मागा. पुढेमागे बाईची पोटगी थांबली, तरी मुलांची चालू राहते.

पैसे कोणत्या तारखेपासून मिळतात?

रजनेश निकालाप्रमाणे अर्जाच्या तारखेपासून. म्हणून मी सारखी म्हणते, बैठका होत राहतील, आधी अर्ज टाका. जमातीच्या बैठकीत गेलेल्या आठ महिन्यांचे पैसे कुणी देत नाही. समेट झाला तर अर्ज मागे घेता येतो, त्याला एक पुरसिस (कोर्टाला द्यायची लेखी माहिती) पुरते.

आदेश झाला, पण तो एक रुपया देत नाही.

वसुलीचा अर्ज करा. वॉरंट निघतं, मालमत्ता जप्त होते, पगारावर जप्ती मागता येते. तरीही दिलं नाही, तर थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद. जेल भोगली म्हणून रक्कम फिटत नाही, हेही त्याला ऐकवा. मुदतीचं एक लक्षात ठेवा: कोणताही हप्ता थकला की वर्षाच्या आत वसुली मागायची. तीन वर्षं वाट पाहून आलेल्या बायकांना मला शेवटच्या बारा महिन्यांचंच सांगावं लागतं. ते सांगताना त्यांच्या तोंडाकडे बघवत नाही.

नवरा सौदीत आहे.

अर्ज तुम्ही राहता तिथल्या कोर्टात चालतो. समन्स पोचवायला वेळ लागतो, वॉरंट तिथे उपयोगाचं नाही. पण गावातलं घर, शेतातला हिस्सा, बँकेतलं खातं इथेच असतं. सातबारा आणि घरपट्टीचा उतारा काढून आणा.

वकिलाची फी परवडणार नाही.

बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. तालुका किंवा जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या खोलीत जा, नाहीतर १५१०० वर फोन करा. जाताना निकाहनामा, आधार, मुलांचे जन्मदाखले, नवऱ्याच्या कमाईचं जे काही असेल ते आणि पोस्टाचं ते पाकीट न्या. निकाहनामा सासरी राहिला असेल, तर ज्या काझीसाहेबांनी निकाह पढवला त्यांच्या रजिस्टरातून नक्कल मिळते.